बारा संगणक आणि एक वही

परवा पीकविम्याच्या कामासाठी बाजारातल्या एका केंद्रावर गेलो होतो. बाहेर वीसेक माणसं उन्हात उभी. आत टेबलामागचा पोरगा गालाला हात लावून बसलेला. मला पाहून उठला (माझ्या हाताखालून गेलेला आहे) आणि म्हणाला, "सर, सर्व्हर डाऊन हाय. कव्हा येईल सांगता येत न्हाई." मागच्या म्हाताऱ्याने लगेच मान डोलावली. जणू सर्व्हर म्हणजे कुणी पाहुणा आहे आणि तो नांदेडहून निघाला आहे, वाटेत गाडी बंद पडली आहे. पूर्वी आमच्याकडे "साहेब टूरवर आहेत" असं एक वाक्य होतं. त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. आता त्या जागी हे आलं. मागे एक बाई तर आपल्या घुम्या नवऱ्याबद्दल सांगत होत्या, "सकाळधरनं सर्व्हर डाऊनच हाय त्याचं!"

मी मात्र या सर्व्हर नावाच्या प्राण्याला नावं ठेवत नाही. एक तर आमच्या धाकटीचं पोट त्यावर आहे. आणि दुसरं म्हणजे मी स्वतः एक सर्व्हर दीड-दोन वर्षं सांभाळला आहे, आणि एकदा माझ्याच हाताने.... असो. ते पुढे येईलच. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण लिहायचं तर सगळंच लिहावं लागणार, म्हणून टाळत होतो.

आधी माझी लायकी सांगतो. मराठी घेऊन बी.ए., नंतर बी.एड., आणि जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. निवृत्त झालो तेव्हा मोबाईलवर आलेला मेसेज उघडायला नातवाला हाक मारायचो. धाकटी संगणक शिकली तीही माझ्या मनाविरुद्ध. मी म्हणत होतो बी.एड. कर. गावाजवळ नोकरी, दिवाळी-उन्हाळ्याची सुट्टी, चार लोक नमस्कार घालतात. तिने ऐकलं नाही, पुण्याला गेली. त्यावरून आमच्यात दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. फोनवर "जेवलीस का" आणि "पैसे आहेत का" एवढंच. ती नेमकं काय करते हे लोक विचारत, तेव्हा मी "काँप्युटरमध्ये आहे" म्हणून सांगत असे. सुट्टीला आली तरी रात्री दोन वाजता तिचा फोन वाजायचा आणि ती अंधारात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. आमची ही म्हणायची, "डॉक्टरीण झाली असती तर निदान पेशंट तरी दिसला असता."

२०१६ साली आमच्या तालुक्यातल्या एका शाळेला (मी तिथे शेवटची काही वर्षं होतो) माजी विद्यार्थ्यांनी बारा जुने संगणक आणि एक जरा बरा संगणक पाठवला. पुण्यातल्या कुठल्या कुठल्या ऑफिसातून निघालेले. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्ही रिकामेच आहात." निवृत्त माणसाला हे वाक्य ऐकायची सवय करावी लागते. विंडोजचं लायसन नव्हतं, आणि पेन ड्राईव्हमधून येणारे व्हायरस म्हणजे पावसाळ्यातल्या गोमाश्या. धाकटी म्हणाली, "अप्पा, लिनक्स टाका. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर चालतं." दिवाळीला ती आली तेव्हा तिने दोन संगणक माझ्यासमोर तयार केले आणि मी दोनशे पानी वहीत एकेक पायरी लिहून घेतली. एकूण ४१ पायऱ्या झाल्या. लुबुंटू टाकणे, घड्याळ भारताच्या वेळेवर लावणे, मराठी फाँट टाकणे, मराठी टायपिंगसाठी आयबस नावाची वस्तू टाकणे, पोरांच्या चित्रांसाठी टक्सपेंट, लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस, वगैरे वगैरे.

फाँटची एक गंमत सांगतो. जो मराठी फाँट आम्ही टाकत होतो त्याचं नाव लोहित. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने २००४ मध्ये भारतीय भाषांचे हे फाँट सगळ्यांसाठी मोकळे केले. लोहित म्हणजे तांबडा, टोपी तांबडी म्हणून फाँट तांबडा. आणि संगणकाला तो मागायचा तर "फाँट्स-लोहित-देवा" असं नाव टाकावं लागतं. देवनागरीचं छोटं रूप देवा! लोह्याच्या शाळेत बसून मी बारा वेळा लोहित-देवा लिहिलं. नामस्मरणच ते.

तेरावा संगणक म्हणजे आमचा सर्व्हर. पोरं कुठल्याही संगणकावर बसली तरी त्यांचं लिखाण या एकाच ठिकाणी साठायचं. शिवाय इंटरनेट इतकं मरतुकडं होतं की धाकटीने मराठी विकिपीडिया अख्खा उतरवून त्यात ठेवला (किविक्स म्हणून एक सोय आहे). आणि प्रत्येक संगणकाने तीच वस्तू इंटरनेटवरून बारा वेळा आणू नये म्हणून एक साठवण केली होती. कुणी एकाने विहिरीवरून पाणी आणून रांजणात ओतायचं, बाकीच्यांनी रांजणातून घ्यायचं.

उरलेले दहा संगणक मी एकट्याने वही समोर ठेवून तयार केले. नऊ दिवस लागले. मला फार अभिमान वाटला होता. शाळा उघडली आणि तक्रारी सुरू. चार नंबरवर मराठीच्या जागी चौकोन चौकोन दिसायलेत. सात नंबरच्या घड्याळात रात्रीचे दोन वाजलेत. नऊ नंबरवर टक्सपेंटच नाही. अकरावर दोन दोन आहेत! मी वही उघडून पाहिली तर प्रत्येक पायरीपुढे माझ्याच हाताने बरोबरची खूण. म्हणजे चार नंबरला फाँट टाकल्याची खूण होती, फाँट नव्हता. मधल्या काळात लाईट गेली असेल, चहा आला असेल, कुणी "सर, दाखल्यावर सही" म्हणून आला असेल. मग मी दुरुस्त्या करत सुटलो, आणि दुरुस्त्या काही वहीत लिहिल्या नाहीत. जानेवारी यायच्या आत बारा संगणकांचे बारा स्वभाव होणार हे दिसत होतं. मी शिक्षक माणूस, एका वर्गात बारा स्वभाव असण्याची मला सवय आहे, पण यंत्रांकडून ती अपेक्षा नव्हती.

डिसेंबरअखेर धाकटी माळेगावच्या यात्रेसाठी आली. लोह्याच्या माणसाला माळेगावचा खंडोबा चुकवता येत नाही. तिने माझी वही चाळली. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "अप्पा, आम्ही पण हेच करतो. फक्त वही अशी लिहितो की ती मशीनलाच वाचता येते."

मग यात्रेतून आल्यावर दोन रात्री तिने मला अ‍ॅन्सिबल शिकवलं. वाचणाऱ्यांत जे या धंद्यातले आहेत त्यांनी चूकभूल द्यावी घ्यावी, मला समजलं तसं सांगतो.

आधी एक यादी लिहायची, कोणकोणती मशिनं आहेत. हा झाला हजेरीपट. मग प्लेबुक लिहायचं, म्हणजे माझी वही. सर्व्हरवर बसून हुकूम सोडला की तो हजेरीपट वाचतो, एसएसएच नावाच्या बंदिस्त वाटेने एकेका मशीनमध्ये शिरतो (त्यासाठी किल्ल्या आधी देऊन ठेवाव्या लागतात) आणि वहीप्रमाणे काम करतो. समोरच्या मशीनवर वेगळं काही बसवून ठेवावं लागत नाही, पायथन तेवढं लागतं. ही वही यॅमल नावाच्या पद्धतीने लिहितात. त्यात समासाला फार महत्त्व. कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात, हे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून ठरतं. एक जागा कमीजास्त झाली की सगळं अडतं. मी जन्मभर पोरांना समास सोडा समास सोडा म्हणून ओरडलो, त्याचं फळ सत्तरीकडे झुकताना मिळालं.

पण मला खरा आनंद झाला तो निराळ्याच गोष्टीचा. मी विचारलं, ज्या मशीनवर फाँट आधीच आहे त्याच्यावर पुन्हा हुकूम चालवला तर पुन्हा टाकील का? अकरा नंबरसारखं दोन दोन होईल का? ती म्हणाली, "नाही ना! इथे 'फाँट टाक' असं लिहायचंच नाही. 'फाँट असावा' असं लिहायचं. असला तर ते पुढे जातं, नसला तर टाकतं."

मंडळी, हे तर आमचं व्याकरण! माझी जुनी वही आज्ञार्थात होती. टाक, लाव, बदल, बंद कर. हिची वही विध्यर्थात. असावा, चालू असावे, नसावे. आणि अमुक मशीन असेल तरच अमुक कर, अशी अट घालायची सोय आहे, तो झाला संकेतार्थ. नववीच्या वर्गात क्रियापदाचे अर्थ शिकवताना पोरं विचारायची, सर याचा उपयोग काय? मी "परीक्षेत दोन मार्काला येतं" एवढंच सांगत आलो. शंभर वेळा चालवा, दोनशे वेळा चालवा, परिणाम तोच, ही विध्यर्थाची करामत. आज्ञार्थात शंभर वेळा "पाणी ओत" म्हटलं तर घर बुडेल.

हा विचार काही अ‍ॅन्सिबलवाल्यांचाच नाही. मार्क बर्जेस नावाचे एक भौतिकशास्त्राचे गृहस्थ ऑस्लोच्या विद्यापीठात होते, त्यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिलं, तिथून या प्रकाराची सुरुवात धरतात. मशीन कसं असावं ते सांगून ठेवा, ते भरकटलं की पुन्हा तिथे आणलं जाईल. मग २००५ मध्ये पपेट आलं, २००९ मध्ये शेफ, २०१२ मध्ये मायकेल डीहान यांचं अ‍ॅन्सिबल. ते रेड हॅटने २०१५ मध्ये विकत घेतलं, आणि रेड हॅटला आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला. एवढ्या पैशात लोहा तालुक्याचं काय काय झालं असतं ते सोडा. रेड हॅटचं मोठं ऑफिस पुण्यात आहे, त्यामुळे आपली किती तरी मराठी पोरं याच कामात आहेत. अ‍ॅन्सिबल हे नाव मात्र एका कादंबरीतलं आहे. उर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या १९६६ च्या कादंबरीत दूरच्या ग्रहांवर क्षणात निरोप पोचवणारं यंत्र आहे, त्याचं हे नाव. सरकारी निरोप लोह्याहून माळेगावला पोचायला किती दिवस लागतात हे पाहता मला ते नाव आवडलं.

आणखी एक. काऊसे नावाची एक गमतीची वस्तू संगणकावर असली तर अ‍ॅन्सिबल प्रत्येक पायरीचं नाव एका गायीच्या तोंडून बोलतं. काळ्या पडद्यावर अक्षरांची बनवलेली गाय. पोरांनी तिला लगेच लाल कंधारी ठरवली. वास्तविक पडदा काळा-पांढरा, पण आमच्याकडे गाय म्हटली की तीच.

गायीवरून आठवलं. यात्रेत जनावरांच्या बाजारात फिरताना धाकटी म्हणाली होती की त्यांच्या धंद्यात एक म्हण आहे, सर्व्हर गुरांसारखे ठेवावेत, पाळलेल्या कुत्र्या-मांजरासारखे नव्हे. म्हणजे त्यांना नावं द्यायची नाहीत, नंबर द्यायचे. एक आजारी पडला तर उपचार करत बसायचं नाही, काढून टाकायचा आणि वहीवरून दुसरा उभा करायचा. २०१२ च्या सुमारास ही म्हण अमेरिकेत पसरली म्हणे. मी तिला समोरचा माणूस दाखवला. तो आपल्या बैलाच्या शिंगाला तेल लावत होता आणि त्याच्याशी बोलत होता. "या माणसाला सांग बरं तुझी म्हण." ती खूप हसली. ज्याने ती म्हण काढली त्याने पोळा पाहिलेला दिसत नाही. आमच्याकडे घरातल्या माणसाचं नाव विसरतील, बैलाचं नाही.

पण म्हणीत तथ्य होतं. तिने पुढे आणखी एक सोय केली. एखादा संगणक पार बिघडला तर तो चालू करताना जाळ्यातून, म्हणजे सर्व्हरकडूनच, लिनक्स ओढून घेतो. ते टाकताना जे प्रश्न विचारले जातात (भाषा कोणती, वेळ कुठली, डिस्क पुसू का) त्यांची उत्तरं एका फायलीत आधीच लिहून ठेवलेली. पेपर फुटल्यासारखंच ते! मग अ‍ॅन्सिबल उरलेल्या ४१ पायऱ्या करतं. पाऊण तासात कोराकरकरीत संगणक तयार. जिथे मला एकाला जवळजवळ एक दिवस लागत होता. हुकूम सुटला की हिरव्या ओळी म्हणजे आधीच ठीक होतं, पिवळ्या म्हणजे बदल केला, तांबड्या म्हणजे अडलं. मी चष्मा लावून खुर्चीत बसायचो आणि बारा संगणकांची हजेरी व्हायची. मला त्याची चटक लागली हे खरं.

आता ते सांगतो.

२०१७ च्या जूनमध्ये नववीच्या पोरांना मी एक काम दिलं होतं. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि ते मराठीत टाईप करायचं. जुने शब्द, औषधं, दुष्काळाच्या आठवणी, निजामाच्या काळातल्या गोष्टी, काय मिळेल ते. ३८ पोरं होती. बहुतेकांनी पानभर लिहून सोडलं. एक मुलगी मात्र चिकटली. तिच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. ती रोज घरी लिहून आणायची आणि मधल्या सुट्टीत एका बोटाने टाईप करायची. साठाच्या वर झाल्या होत्या. जानेवारीत आजी वारली. तेरावं झाल्यावर मुलगी आली आणि वहीत उरलेल्या दोन ओव्या तिने टाईप केल्या. वही फाटकी होती, म्हणाली, "आता कॉम्प्युटरात हाय ना सर, वही चुलीत गेली तरी चालती." मी हो म्हणालो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्व्हरची डिस्क भरत आली. आदल्या वर्षी दहावी झालेल्या पोरांची खाती अजून तशीच होती. मी ठरवलं, हे आता मीच करतो, दर वेळी लेकीला काय विचारायचं. प्लेबुक लिहिलं. या यादीतली खाती नसावीत, आणि त्यांच्या फायलीही नसाव्यात. विध्यर्थ अगदी शुद्ध! यादी म्हणून पोरांच्या नावांची फाईल जोडली. "दहावी-२०१७" च्या खाली "नववी-२०१७" होती.

हुकूम सोडण्याआधी रंगीत तालीम करायची सोय असते. म्हणजे काय काय बदललं असतं ते नुसतं दाखवतं, करत नाही. धाकटीने बजावून सांगितलं होतं. पण अकराला लाईट जाणार होती आणि इन्व्हर्टर दहा मिनिटंसुद्धा धरत नव्हता. मी तालीम न करता पडदा वर केला. पिवळ्या ओळी सरसर आल्या. अडतीस. एकही तांबडी नाही. मी खूश होऊन सर्व्हर बंद केला, घरी जाऊन जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी दारात आली. "सर, माझं नाव घेईना झालंय."

नाव टाकलं की संगणक म्हणे अशी कुणी नाही.

मला समजायला एक मिनिट लागलं असेल. ते मिनिट मला अजून आठवतं. धाकटीला फोन लावला, ती आधी एवढंच म्हणाली, "अप्पा, सर्व्हरची वायर काढा. आत्ता. त्याच्यावर काही लिहू देऊ नका." शनिवारी ती पुण्याहून रात्रीच्या गाडीने आली. फोटोरेक नावाच्या प्रोग्रॅमने पुसलेल्या डिस्कमधून काय निघतं ते बघत बसली. निघालं बरंच, पण बिननावाचं, आणि बहुतेक टक्सपेंटमधली चित्रं. घर, डोंगर, सूर्य. घर, डोंगर, सूर्य. लिखाण अगदी थोडं निघालं, त्यात ओव्यांचं काही नव्हतं.

बॅकअप? होता की. तिने दिवाळीत डिस्क आणून दिली होती, दर शनिवारी जोडायची म्हणून. दिवाळीत एकदा तिनेच जोडून घेतला होता. नंतर ती डिस्क माझ्या कपाटात धोतराच्या घडीखाली होती. त्यातून त्या मुलीच्या २३ ओव्या मिळाल्या. वहीबद्दल विचारलं तर ती म्हणाली, वही आईने खरंच चुलीत घातली, पेटवायला काही नव्हतं.

मी सगळ्या वर्गापुढे उभं राहून सांगितलं की चूक माझी आहे. पोरं गप्प बसली. बाकीच्यांना फारसं काही वाटलं नसावं, उलट काम वाचलं म्हणून दोघे-तिघे खूशही असतील. ती मुलगी रडली नाही की रागावली नाही. म्हणाली, "सर, मला काही पाठ हायत." मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

विचित्र गोष्ट अशी, की त्याच संध्याकाळी धाकटीने सर्व्हर पुसून पहिल्यापासून उभा केला. पाऊण तास. फाँट, घड्याळ, विकिपीडिया, बारा संगणकांची हजेरी, सगळं वहीत होतं तसं परत आलं. वहीत असलेलं सगळं आलं. पोरांनी लिहिलेलं वहीत नव्हतं.

त्या रात्री आम्ही अंगणात बसलो होतो. ही आत झोपलेली. धाकटी मला समजवायला म्हणून गोष्टी सांगायला लागली. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअरबाजारातली मोठी कंपनी होती. त्यांचे आठ सर्व्हर. नवा प्रोग्रॅम सातांवर टाकला, आठव्यावर टाकायचा राहिला, हाताने टाकत होते. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला आणि त्या आठव्यावरचा कित्येक वर्षांपूर्वीचा बंद पडलेला भाग जागा होऊन वेड्यासारखे सौदे करत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. पुढे तिथल्या सरकारी चौकशीत हेही नोंदवलं गेलं की टाकलेलं काम दुसऱ्या कुणी तपासून पाहायची पद्धतच तिथे नव्हती. मी म्हटलं, म्हणजे चार नंबरवर फाँट राहिला तसं. ती म्हणाली, तसंच.

मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "मी पण केलंय अप्पा." पुण्याला नोकरी लागून आठ महिने झाले होते. रात्रीचं काम होतं. तिने हजेरीपट चुकीचा जोडला. चाचणीच्या मशीनवर चालवायचं ते खऱ्या मशीनवर चाललं. कुणा ग्राहकाचं काम चार तास बंद. ती जिन्यात जाऊन पहाटेपर्यंत बसली होती. नोकरी जाईल म्हणून सामान बांधायच्या तयारीत होती. वरिष्ठ बाई चांगल्या होत्या, निभावलं.

मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंस?

"तुम्ही म्हणाला असतात, बी.एड. कर."

मी काही बोललो नाही. म्हटलं असतं, हे खरं होतं. त्या वर्षी आमचं फोनवर "जेवलीस का" चाललं होतं. ती जिन्यात बसलेली असताना मी इथे लोह्यात गाढ झोपलो होतो.

नंतर तिने बऱ्याच गोष्टी बदलल्या. वहीतला प्रत्येक बदल आता गिट नावाच्या रजिस्टरात नोंदला जाऊ लागला. कुणी, कधी, काय बदललं, आणि मागे जायची सोय. मी केलेला बदल तिने पुण्याहून पाहिल्याशिवाय चालवायचा नाही. बोर्डाचे पेपर तपासले आहेत त्यांना सांगायला नको, परीक्षकाच्या वर नियामक असतो आणि त्याच्या हिरव्या शाईची भीती असते. कुठलाही हुकूम आधी एकाच मशीनवर, ते नीट राहिलं तर बाकीच्यांवर. आणि बॅकअप वहीतच लिहिला, रोज रात्री आपोआप, माझ्या शनिवारवर न ठेवता. हे सगळं तिने मला रागावून नाही, अगदी हळू सांगितलं. शिकवायची तिची पद्धत चांगली आहे. (हे ती वाचेल, म्हणून लिहितो.)

१९ जुलै २०२४ ला तिचा सकाळी फोन आला, "अप्पा, टीव्ही लावा." क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचा एक सदोष बदल एकदम सगळ्यांना गेला आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोजची मशिनं निळी पडली. आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. मी म्हटलं, एका मशीनवर आधी करून बघायला काय झालं होतं यांना? ती हसायला लागली. म्हणाली, "हिरवी शाई!"

शाळेतली ती खोली लॉकडाऊनमध्ये बंद राहिली. धूळ, उंदीर आणि उन्हाळा यांनी सात संगणक खाल्ले. उरलेले पाच एक तरुण शिक्षक चालवतात. मी वही त्यांच्या हवाली केली, म्हणजे मशीनने वाचायची वही. माझी दोनशे पानी वही माझ्याकडेच आहे. तिच्या मागच्या बाजूने, उलट्या पानांवर, त्या मुलीला आठवल्या त्या ओव्या मी हाताने उतरवून घेतल्या आहेत. मिळालेल्या २३, मग तिने त्या महिन्यात आठवून सांगितलेल्या १४. काही अर्ध्याच आहेत, दुसरी ओळ रिकामी सोडली आहे.

ती मुलगी आता नर्सिंग करते, लातूरला. गेल्या दिवाळीत घरी आली होती. म्हणाली, सर, ती वही काढा. वॉर्डात एक म्हातारी बाई गुणगुणत होती, त्यावरून तिला आजीच्या दोन आठवल्या होत्या. एक नवीन, आणि एका अर्धीची दुसरी ओळ. तिने स्वतःच्या अक्षरात लिहिल्या, आणि मी खाली तारीख टाकून तिची सही घेतली.